लाल टिकली न पडलेली फट

प्रिंट क्रमांक ३८ वर ८७ गोल आहेत. प्रत्येक गोलावर लाल पेन्सिलीची बारीक टिकली आहे, म्हणजे एकदा मोजलेला गोल चुकून पुन्हा मोजला जाणार नाही. मागच्या बाजूला माझ्या अक्षरात लिहिलंय: सेक-६, ३७ अंश, ९० मिनिटं. खाली २००२ सालची तारीख.

असे दोनशेच्या वर प्रिंट माझ्याकडे आहेत. यीस्टच्या पेशीचे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर घेतलेले, ४०,००० पट मोठे केलेले. यीस्टची पेशी साधारण ५ मायक्रॉनची, त्यामुळे कागदावर ती २० सेंटीमीटर रुंद दिसते. एका कागदावर एक पेशी. मी मोजत होते ते गोल १०० नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे कागदावर ४ मिलिमीटर. तीन वर्षं हे ४ मिलिमीटरचे गोल मी डोळ्यांत तेल घालून मोजले. त्याच कागदांवर आणखी एक गोष्ट होती, समांतर धावणाऱ्या दोन पटलांमधली फट, जवळजवळ प्रत्येक कागदावर, अगदी ठळक. तिच्यावर मी एकही टिकली केली नाही. लिहायचंय ते तिच्याविषयी, पण गोल काय होते हे आधी सांगायला हवं.

गोल म्हणजे पुटिका. लॅबमध्ये पुटिका कुणीच म्हणायचं नाही, व्हेसिकलच म्हणायचो. पेशीच्या आत पटलांनी, म्हणजे मेदाच्या पातळ पडद्यांनी, बंद केलेले कप्पे असतात. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, म्हणजे पाठ्यपुस्तकातली आंतर्द्रव्यजालिका (मी पुढे ईआरच म्हणेन), हा त्यातला सगळ्यात मोठा. पेशीबाहेर जाणारी किंवा पटलात बसणारी प्रथिनं इथे तयार होतात. तिथून ती गॉल्जी नावाच्या कप्प्यात जातात, तिथे त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या घडवल्या जातात, छाटल्या जातात, आणि मग कुणी बाहेरच्या पटलाकडे, कुणी रिक्तिकेकडे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर पटलाचा एक तुकडा फुगतो, गळ्याशी आवळला जातो, सुटतो, प्रथिनं पोटात घेऊन निघतो आणि पुढच्या कप्प्याच्या पटलात मिसळून जातो. हा सुटा तुकडा म्हणजे व्हेसिकल.

ही वाट मुळात जॉर्ज पॅलेड यांनी दाखवली. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना त्यांच्या गटाने किरणोत्सारी अमिनो आम्ल जेमतेम ३ मिनिटं दिलं, मग साधं अमिनो आम्ल दिलं, आणि ठरावीक वेळांनी पेशी गोठवल्यासारख्या थांबवून पाहिलं की किरणोत्सारी खुणा कुठे आहेत. आधी ईआरमध्ये, मग गॉल्जीत, शेवटी साठवणीच्या कणांत. १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. वाट कळली, पण वाटेवर कोण काम करतं ते कळायला यीस्ट लागलं.

१९७९ साली पीटर नोविक आणि रँडी शेकमन यांनी यीस्टचा पहिला सेक म्युटंट, म्हणजे प्रथिनं बाहेर टाकण्याच्या जनुकात बिघाड असलेला यीस्ट, जगापुढे ठेवला. २५ अंशांना हा यीस्ट व्यवस्थित वाढतो. ३७ अंशांना नेला की त्याचं एक प्रथिन बिघडतं आणि पेशी व्हेसिकलांनी भरून जाते, कारण व्हेसिकल बनतात पण बाहेरच्या पटलात मिसळत नाहीत. पुढच्या वर्षी अशा जनुकांची यादी २३ वर गेली. मी ज्यावर काम करत होते तो सेक-६ त्यातलाच. त्याचं प्रथिन आणखी काही प्रथिनांबरोबर मिळून आलेल्या व्हेसिकलला बाहेरच्या पटलापाशी धरून ठेवतं. ते नसलं की व्हेसिकल येतात आणि ताटकळतात.

हे म्युटंट शोधले कसे गेले, त्यात एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा महत्त्वाची वाटली. लाखो पेशींतून बिघडलेल्या नेमक्या पेशी कशा निवडायच्या? शेकमन यांना सुझन हेन्री यांचं एक निरीक्षण माहीत होतं. इनॉसिटॉल स्वतः बनवू न शकणाऱ्या यीस्टला इनॉसिटॉल तोडलं की पेशी आतून वाढत राहते पण तिचं आवरण वाढत नाही, आणि ती जड, घट्ट होते. इनॉसिटॉल कशासाठी लागतं? पटलातला एक मेद बनवायला. शेकमन यांच्या मनात आलं की व्हेसिकल पोचत नसतील तर आपल्या म्युटंटचंही आवरण वाढणार नाही, तेही जड होतील. म्हणून त्यांनी पेशी घनतेच्या उतरंडीवर फिरवल्या, तळाशी बसलेल्या उचलल्या, आणि त्यात हवे ते सापडले. प्रथिनांच्या वाहतुकीचा एवढा मोठा शोध मेदाच्या उपासमारीवरून सुचलेल्या युक्तीवर उभा आहे. हे मी लॅबमध्ये असताना शंभरदा ऐकलं होतं, पण ऐकताना माझं लक्ष जड पेशींकडे होतं. मेद मी ओलांडून गेले.

व्हेसिकल स्वतः मेदाचाच आहे, हेही तसंच. एका संध्याकाळी मोजणी झाल्यावर मी वहीच्या कडेला हिशेब केला होता. ५ मायक्रॉनच्या गोल पेशीचं पृष्ठफळ साधारण ७८ चौरस मायक्रॉन. १०० नॅनोमीटरच्या व्हेसिकलचं ०.०३ चौरस मायक्रॉनच्या जरा वर. म्हणजे आई-पेशीएवढी मुलगी-पेशी घडवायची तर अडीच हजार व्हेसिकल लागतील. यीस्ट दीड तासात दुणावतं. दीड तास म्हणजे ५,४०० सेकंद. दर दोन सेकंदांनी एक व्हेसिकल! तो आकडा पाहून मी त्या रात्री फार खूश होऊन घरी गेले होते. माझ्या ८७ गोलांमागे केवढी लगबग आहे ते पहिल्यांदा अंगावर आलं. आज तोच हिशेब पाहताना दिसतं की सगळं पटल व्हेसिकलमधूनच येतं हे मी त्यात धरूनच चालले होते. कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे हो म्हटलं असतं.

व्हेसिकलविषयीचं माझं प्रेम मात्र आजही तेवढंच आहे, आणि ते प्रेम चुकीचं नव्हतं. जेम्स रॉथमन यांनी पेशी फोडून, नुसत्या गॉल्जीच्या तुकड्यांत ही वाहतूक परीक्षानळीत चालवून दाखवली आणि त्यातून एकेक प्रथिन वेगळं केलं. त्यांनी शोधलेलं एनएसएफ आणि यीस्टमधलं सेक-१८ ही एकच गोष्ट निघाली. एक माणूस सस्तन प्राण्याच्या पेशींचा रस गाळतोय, दुसरा यीस्टची जनुकं चाळतोय, आणि दोघांच्या हाती तेच प्रथिन लागतं. या विषयातला हा क्षण मला सगळ्यात सुंदर वाटतो. व्हेसिकलवर आणि त्याच्या मुक्कामावर स्नेअर नावाची प्रथिनं असतात. चार पेड एकमेकांत पिळत जातात आणि त्या पिळाच्या जोराने दोन पटलं इतकी जवळ ओढली जातात की एक होतात. धनुर्वाताचं विष नेमका यातलाच एक पेड कापतं. चेतापेशीत ही क्रिया कॅल्शियमच्या इशाऱ्याबरहुकूम कशी घडते ते थॉमस स्यूडॉफ यांनी उलगडलं. २०१३ चं नोबेल या तिघांचं.

कामाचा भाग सोपा नव्हता. २५ अंशांना ठेवलेले नियंत्रण नमुने, म्हणजे ज्यात व्हेसिकल साठायला नकोत ते, एका महिन्यात गोलांनी भरलेले दिसायला लागले. तीन आठवडे मी स्ट्रेन बदलला, माध्यम बदललं, रसायनं नव्याने बनवली. शेवटी शेकरच्या पाण्यात काचेचा साधा थर्मामीटर बुडवला. पडद्यावर २५, पाण्यात ३१. सगळे प्रिंट बाद. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रयोगात एक काचेचा थर्मामीटर दोरीने बांधलेला असायचा. तपमानावर बिघडणाऱ्या म्युटंटबरोबर काम करणाऱ्या कुणालाही मी पहिली गोष्ट हीच सांगते.

ईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी, पेशी पोटॅशियम परमँगनेटमध्ये धरायच्या. गडद जांभळं पाणी, बोटांवर तपकिरी डाग. परमँगनेटने रायबोसोम पुसले जातात आणि पटलं मात्र काळ्या शाईने आखल्यासारखी उठून येतात. आम्हाला पटलंच हवी होती. त्यामुळे माझ्या प्रिंटवर पटलांखेरीज फारसं काही नाहीच. आणि तरीही.

ईएमला दिवस लागत. झटपट पाहायचं असेल तेव्हा एफएम ४-६४ नावाचं रंगद्रव्य. त्याची ट्यूब नेहमी फॉइलमध्ये गुंडाळलेली, कारण उजेड त्याला सोसत नाही. पेशी बर्फात ठेवायच्या, रंग घालायचा, धुवायच्या. पाण्यात हा रंग जवळजवळ चमकत नाही, पटलात शिरला की लाल चमकतो. बर्फात असेपर्यंत प्रत्येक पेशीभोवती एक लाल कडं, बास. मग नळी ऊबदार पाण्यात. पाच मिनिटांनी आत ठिपके. पंधरा मिनिटांनी ठिपके कमी, रिक्तिकेच्या कडेवर फिकट लाली. पाऊण तासाने बाहेरचं कडं गेलेलं आणि रिक्तिकेभोवती लखलखीत लाल वर्तुळ. अंधाऱ्या खोलीत बसून हा प्रवास मी किती वेळा पाहिला असेल! दरवेळी श्वास रोखला जायचा.

आता एफएम ४-६४ असं का वागतं ते पाहा. त्याची एक बाजू तेलकट, ती पटलात रुतते. दुसऱ्या टोकाला दोन धन प्रभार, त्यामुळे ते पटलाच्या दोन पदरांपैकी एकातून दुसऱ्यात उलटू शकत नाही. पटलाबाहेर पाण्यात सुटून पलीकडच्या कप्प्यापर्यंतही जात नाही. ते फक्त पटलाच्या तुकड्याबरोबर, व्हेसिकलमध्ये बसूनच हलू शकतं. म्हणजे माझ्याकडे दोन साधनं होती. एकात मी गोल मोजत होते. दुसऱ्यात असा रंग होता ज्याला गोलांखेरीज दुसरी वाटच घेता येत नाही. दोन्हींनी मला पुन्हा पुन्हा तेच दाखवलं आणि मला वाटलं, दोन वेगळे पुरावे जुळले.

लॅब सुटली, मी शिकवायला लागले. २०११ साली एका तासाला फळ्यावर पेशी काढली होती. ईआर, गॉल्जी, बाहेरचं पटल, रिक्तिका, सगळ्यांमध्ये बाण. उजव्या कोपऱ्यात नेहमीप्रमाणे मायटोकॉन्ड्रिया, घेवड्याच्या दाण्यासारखा, सुटा. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, मायटोकॉन्ड्रियाकडे एकही बाण का नाही?"

मी म्हटलं, त्याची बहुतेक प्रथिनं बाहेर पेशीद्रवात बनतात आणि पटलातल्या दारांतून थेट आत घेतली जातात, ईआर-गॉल्जीच्या वाटेने जात नाहीत. तिने मान हलवली, मग म्हणाली, "प्रथिनं नाही मॅडम. त्याला दोन पटलं आहेत ना? त्या पटलांचा मेद कुठून येतो?"

मी खडू खाली ठेवला. "पुढच्या तासाला सांगते," म्हटलं. मला खरंच सांगता येत नव्हतं.

तिचा प्रश्न किती अचूक होता! मेद बहुतांशी ईआरमध्ये तयार होतो. मेदाचा रेणू पाण्यात नुसता सोडला तर पोहत जात नाही, त्याच्या तेलकट शेपट्यांना पाणी चालत नाही. आणि ईआरकडून व्हेसिकल मायटोकॉन्ड्रियाला मेद पुरवतात असं काही नाही. मग?

उत्तराची सुरुवात जीन व्हान्स यांच्या १९९० च्या कामात आहे. उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करताना त्यांना चिकटून ईआरसारख्या पटलाचा एक अंश नेहमी यायचा. भेसळ समजून तो धुऊन टाकायची रीत होती. व्हान्स यांनी तोच अंश तपासला. मेद बनवणारी एन्झाइमं त्यात भरपूर होती. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा मेद तिथे बनतो, मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलापर्यंत पोचतो, तिथे त्याचा एक कार्बन निघून तो फॉस्फॅटिडिलएथॅनॉलअमाइन होतो, आणि त्यातला काही परत ईआरकडे येऊन पुढच्या मेदात बदलतो. जाणं आणि येणं, दोन्ही. आणि हे घडतं ते दोन पटलं जिथे एकमेकांना अगदी खेटून असतात तिथे. मिसळत नाहीत, एक होत नाहीत. मध्ये १० ते ३० नॅनोमीटरची फट राहते. तिला कॉन्टॅक्ट साइट म्हणतात.

२००९ साली बेनोआ कोर्नमान, पीटर वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी यीस्टमध्ये उलट्या बाजूने हात घातला. त्यांनी एक कृत्रिम प्रथिन बनवलं, त्याचं एक टोक ईआरला आणि दुसरं मायटोकॉन्ड्रियाला धरतं. मग असे म्युटंट शोधले ज्यांना हा उसना सांधा मिळाला तरच धड जगता येतं. सापडलं एमडीएम-१२. त्याच्याबरोबर आणखी तीन प्रथिनं मिळून खरा सांधा होतो. गंमत अशी की ही प्रथिनं आधीपासून माहीत होती. ती नसली तर मायटोकॉन्ड्रियाचा आकार बिघडतो, म्हणून त्यांच्या नावातच मायटोकॉन्ड्रियाची ठेवण आणि आकार होता. आकारावर सगळ्यांची नजर खिळली होती.

पुढच्या तासाला हे सगळं मी वर्गात सांगितलं. फळ्यावर मायटोकॉन्ड्रिया सुटा काढला नाही. ईआरची एक बाही त्याच्या अंगावरून नेली आणि मधली फट पिवळ्या खडूने भरली.

त्यानंतर मी वाचत सुटले. आणि मग लक्षात आलं की हा मायटोकॉन्ड्रियापुरता मामला नाहीच.

सेरामाइड नावाच्या मेदाचं पाहा. तो ईआरमध्ये बनतो, आणि त्याचा स्फिंगोमायलिन हा दुसरा मेद होतो गॉल्जीत. मधला प्रवास व्हेसिकलने होत असणार असंच वाटेल. केंतारो हानादा यांच्याकडे एक म्युटंट पेशी होती, गांडुळाच्या शरीरातल्या लायसेनिन नावाच्या विषाने न मरणारी. हे विष स्फिंगोमायलिनला धरून पेशी फोडतं. या पेशीत स्फिंगोमायलिन कमी, म्हणून ती वाचली. का कमी, ते शोधताना २००३ साली सर्ट नावाचं प्रथिन हाती आलं. त्याच्या एका भागाला ईआरवरचं प्रथिन ओळखतं, दुसरा भाग गॉल्जीवरच्या एका मेदाला धरतो, आणि तिसऱ्या भागात एक खोबण आहे. एका सेरामाइडच्या रेणूपुरती खोबण. तेलकट शेपट्या आत झाकल्या जातात, पाणी लागत नाही. इकडून उचलायचा, तिकडे ठेवायचा.

ऑश नावाच्या मेद वाहणाऱ्या प्रथिनांनी तर मला दोन रात्री झोपू दिलं नाही. स्टेरॉल, म्हणजे आपल्यात कोलेस्टेरॉल, यीस्टमध्ये एर्गोस्टेरॉल, तयार होतं ईआरमध्ये, पण ईआरमध्ये ते फार थोडं राहतं. बाहेरच्या पटलात मात्र दर तीन मेद-रेणूंमागे साधारण एक स्टेरॉलचा. म्हणजे जिथे कमी आहे तिथून जिथे भरपूर आहे तिथे न्यायचं, चढावर. हे फुकट होणार नाही. ऑश-४ च्या खोबणीत एका वेळी एकच बसतो, एक तर स्टेरॉल, नाही तर पीआय-४-पी नावाचा मेद. पीआय-४-पी गॉल्जीवर बनतो, आणि तो बनवायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं. ऑश-४ ईआरमधून स्टेरॉल नेतं, गॉल्जीत ठेवतं, तिथून पीआय-४-पी उचलून ईआरमध्ये आणतं. ईआरवर सॅक-१ नावाचं एन्झाइम तो लगेच मोडून टाकतं. त्यामुळे पीआय-४-पीला ईआरकडे कायम उतार मिळतो, आणि त्या उताराच्या जोरावर स्टेरॉल चढ चढतं. यीस्टमध्ये अशी सात ऑश जनुकं आहेत. कुठलंही एक असलं तरी पेशी जगते, सातही काढली तर मरते.

आणि मग तो प्रयोग वाचला जो वाचून मी खुर्चीत मागे टेकले. २००५ साली छापलेला. सेक-१८ म्युटंट घेतला, ३७ अंशांवर नेला, व्हेसिकलची वाहतूक थांबली. ईआरमध्ये नव्याने बनलेलं एर्गोस्टेरॉल तरीही बाहेरच्या पटलात पोचत राहिलं. सस्तन पेशींमध्ये तर १९९० सालीच दिसलं होतं की ब्रेफेल्डिन नावाच्या औषधाने प्रथिनाचा रस्ता बंद पडतो, कोलेस्टेरॉलचा पडत नाही. सेक-१८ ची प्लेट आमच्या फ्रिजमध्ये माझ्या सेक-६ च्या शेजारी होती. झाकणावरचं नाव मी रोज वाचायचे.

यानंतर विषय ज्या वेगाने पुढे गेला तो मला अजूनही विलक्षण वाटतो. यीस्टमध्ये व्हीपीएस नावाची जनुकं आहेत. त्यांच्यात बिघाड झाला की रिक्तिकेकडे जायची प्रथिनं चुकून पेशीबाहेर जातात, म्हणून नाव रिक्तिकेच्या प्रथिनांच्या निवडीवरून. त्यातलं व्हीपीएस-१३ हे प्रचंड प्रथिन, तीन हजारांहून जास्त अमिनो आम्लांचं. २०१८ साली कारिन राइनिश आणि पिएत्रो दे कामिली यांच्या गटांनी दाखवलं की ते मेद वाहून नेतं, आणि एका वेळी एक रेणू असंही नाही, त्याच्या अंगात एकाच वेळी अनेक रेणू मावतात. नंतर त्याचा आकार दिसला: २० ते ३० नॅनोमीटर लांबीची दांडी, आणि तिच्या अंगभर आतून तेलकट पन्हळ. एक टोक या पटलावर, दुसरं त्या पटलावर. मेद पन्हळीतून सरकत जातो. फट १० ते ३० नॅनोमीटरची आणि दांडी तेवढीच लांब. नाव प्रथिनांच्या निवडीवरून, काम मेदाचा पूल होण्याचं.

अशीच दांडी म्हणजे एटीजी-२. पेशी स्वतःचे जुने भाग एका दुपदरी पिशवीत गुंडाळून पचवते, ज्याची जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये शोधली आणि ज्यासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. ही पिशवी काही मिनिटांत शून्यातून वाढते. तिच्यात प्रथिनं विलक्षण कमी, जवळजवळ सगळा मेदच. तो एटीजी-२ च्या पन्हळीतून ईआरकडून येतो. इथे एक बारीक पेच आहे, मला तो फार आवडतो. पन्हळ मेद आणून टाकते ती पटलाच्या बाहेरच्या पदरात. पटलाला दोन पदर असतात आणि मेदाचा रेणू आपणहून या पदरातून त्या पदरात उलटायला तास, कधी दिवस घेतो. एकाच पदरात भरणा होत राहिला तर पटल वेडंवाकडं होऊन जाईल. म्हणून पलीकडच्या टोकाला एटीजी-९ बसलेलं असतं, ते रेणूंना दोन्ही पदरांत मोकळं उलटू देतं. पूल आणि पुलाच्या टोकाला पदर सारखे करणारा. व्हेसिकलला हा प्रश्न पडतच नाही, कारण तो दोन्ही पदर बरोबर घेऊनच निघतो.

माणसातही चार व्हीपीएस-१३ जनुकं आहेत, ए ते डी. ए बिघडलं तर हातापायांच्या अनावर हालचाली सुरू होतात आणि रक्ताच्या तांबड्या पेशींना काटे फुटल्यासारखे दिसतात. सी बिघडलं तर तरुणपणी पार्किन्सन होऊ शकतो. डी बिघडलं तर चालण्याचा तोल जातो. एकाच तऱ्हेच्या पन्हळीला तडा गेला आणि इतकी वेगवेगळी दुखणी, कारण प्रत्येकाचा सांधा वेगळ्या दोन कप्प्यांमधला. या आजारांवर अजून मुळातला इलाज नाही. ज्या घरांत ही दुखणी आहेत त्यांच्यासाठी ही फट हा अभ्यासक्रमातला धडा नाही.

मघाशी म्हटलं की प्रिंटवर आणखी एक गोष्ट होती. यीस्टमध्ये ईआरचा बराच मोठा भाग पेशीच्या मध्यात नसतोच, तो बाहेरच्या पटलाच्या आतून अस्तरासारखा पसरलेला असतो. २०१२ साली यीस्टमधली सहा प्रथिनं एकत्र काढून टाकली तेव्हा हे अस्तर सुटून आत आलं. म्हणजे ते सहज तिथे पडलेलं नव्हतं, सहा जणांनी धरून ठेवलेलं होतं.

रविवारी प्रिंट ३८ टेबलावर घेतला, दिव्याखाली. या वेळी निळी पेन्सिल. पेशीच्या कडेने फिरत गेले, जिथे जिथे बाहेरच्या पटलाला समांतर दुसरी काळी रेघ धावते तिथे निळी रेघ ओढली. तीन ठिकाणी. मोजपट्टीने ९, ७ आणि ६ सेंटीमीटर. पेशीचा घेर कागदावर ६३. म्हणजे कडेचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग ईआरने व्यापलेला. दोन रेघांमधली फट बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या थोडी वर, ४०,००० ने भागलं की तीसएक नॅनोमीटर.

डावीकडच्या ९ सेंटीमीटरच्या पट्टीवर, मधोमध, माझी २००२ ची एक लाल टिकली आहे. तिथला व्हेसिकल ईआरच्या इतका जवळ होता की टिकलीचा रंग ईआरच्या रेघेवर आलाय. तेव्हा तो खोडरबराने पुसायचा प्रयत्न केलेला दिसतो, कागद तेवढ्यापुरता खरखरीत लागतो. मला व्हेसिकलची कड स्वच्छ हवी होती.

आता ३९ घेतलाय.